तेराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत

एप्रिल २००९ मध्ये जपान सरकारने मोटार उद्योगाला मंदीतून बाहेर काढण्यासाठी एक योजना आणली. तेरा वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढायची, तिच्या जागी कमी इंधनावर चालणारी नवी गाडी घ्यायची, की सरकारकडून अडीच लाख येन मिळायचे. कारखान्यांचे काम थंडावले होते, शोरूममध्ये शुकशुकाट होता, त्यामुळे योजना वेळेवर आली. पण २००९ मधून तेरा वजा केले की १९९६ उरते. त्याआधीच्या गाड्यांत निसानची स्कायलाइन जीटी-आर होती, टोयोटाची एई८६ होती, सुप्रा आणि माझदा आरएक्स-७ यांच्या सुरुवातीच्या खेपा होत्या. एका पिढीने ज्यांची चित्रे खोलीच्या भिंतीवर लावली, त्या गाड्या कागदोपत्री आता भंगारासाठी पात्र ठरल्या होत्या.

त्यानंतर पाचच वर्षांनी, ऑगस्ट २०१४ पासून, यातलीच जीटी-आर जहाजात चढून अमेरिकेला जाऊ लागली आणि तिचा भाव दर वर्षी वर सरकत गेला. मधल्या काळात गाडीत कोणी सुधारणा केली नव्हती. लोखंडाला थोडा गंज चढला होता, रबर कडक झाले होते, सीटचे कापड विटले होते. तरीही भाव चढला. जुन्या जपानी वेगवान गाड्यांच्या किमतींचा इतिहास समजून घ्यायचा तर इंजिनाच्या आधी कायद्याची पुस्तके उघडावी लागतात.

सुरुवात १९८९ पासून करणे योग्य. त्या वर्षाच्या २९ डिसेंबरला टोकियोचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. जमिनीचे भाव गगनाला भिडले होते, बँका मागेल त्याला कर्ज देत होत्या आणि मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांना हवा तेवढा पैसा मिळत होता. निसानमध्ये इतो नागानोरी यांच्या चमूने बनवलेली आर-३२ पिढीची जीटी-आर ऑगस्टमध्ये बाजारात आली. २५६८ सीसीचे सहा सिलिंडरांचे इंजिन, त्यावर दोन टर्बो, गरज पडेल तशी पुढच्या चाकांना ताकद पोचवणारी संगणकीय यंत्रणा, आणि किंमत ४४ लाख ५० हजार येन. युरोपातल्या तोडीस तोड गाड्यांच्या मानाने ही किंमत फारच कमी होती. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या ग्रुप ए शर्यतींमध्ये ही गाडी २९ वेळा उतरली आणि २९ वेळा जिंकली. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मानाची शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षे मारली.

पाठोपाठ १९९० मध्ये होंडाची एनएसएक्स आली. पूर्ण ॲल्युमिनियमचा सांगाडा, किंमत ८० लाख येनांहून थोडी जास्त. १९९१ मध्ये रोटरी इंजिनाची आरएक्स-७, १९९३ मध्ये नवी सुप्रा. कंपन्यांनी आपसांत अलिखित समझोता केला होता की कोणत्याही गाडीची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त जाहीर करायची नाही. हा समझोता २००४ पर्यंत टिकला. माहितीपत्रकात २८० छापलेले असायचे आणि जाणकार ग्राहक मनातल्या मनात त्यात भर घालायचा.

यातल्या बहुतेक गाड्या आल्या तेव्हा अर्थव्यवस्थेचा फुगा फुटायला लागला होता. शेअर बाजार कोसळला, मग जमीन कोसळली, आणि दोन दरवाजांच्या, पेट्रोल पिणाऱ्या, विम्याला महाग अशा गाडीला कुटुंबाच्या हिशेबात जागा उरली नाही. तरुण जोडपी मोठ्या मिनीव्हॅनकडे वळली. शोरूममधून निघालेल्या या गाड्या चार-पाच वर्षांत जुन्या बाजारात आल्या, आणि तिथे त्यांची गाठ जपानच्या घसाऱ्याच्या यंत्रणेशी पडली.

घसारा सगळीकडेच असतो. आपल्याकडे आयकराच्या हिशेबात मोटारीची किंमत वर्षाला १५ टक्क्यांनी उतरते, आणि १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्रात हरित कर असे दोन खर्च येतात. जपानची पकड याहून घट्ट. तिथल्या करखात्याच्या लेखी साध्या मोटारीचे आयुष्य ६ वर्षे. नव्या गाडीचे पहिले पासिंग तिसऱ्या वर्षी, त्यानंतर दर दोन वर्षांनी. ही सक्तीची तपासणी म्हणजे ‘शाकेन’. तपासणीचे शुल्क, गाडीच्या वजनावरचा कर, सक्तीचा विमा आणि गॅरेजची मजुरी मिळून एका शाकेनचा खर्च सहज लाख येनांच्या वर जातो. १९९५ पर्यंत तर दहा वर्षांहून जुनी गाडी दर वर्षी पासिंगला न्यावी लागे. ती अट रद्द झाली, पण काही वर्षांतच हरित करआकारणी आली आणि तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीच्या वार्षिक करात आधी १० आणि पुढे १५ टक्क्यांची वाढ झाली. मोठ्या इंजिनाला कर मुळातच जास्त. त्यातही गाडी उभी करायला स्वतःची जागा आहे, हे पोलिसांना दाखवल्याशिवाय शहरात गाडीची नोंदणी होत नाही, आणि टोकियोत त्या जागेचे भाडे महिन्याच्या महिन्याला मोजावे लागते.

या सगळ्याचा परिणाम असा, की जपानमध्ये उत्तम चालणारी गाडीही मालकाला नकोशी होते. शाकेनची तारीख जवळ आली की तो हिशेब करतो आणि गाडी विकायला काढतो. रस्ते गुळगुळीत, तपासणी कडक, म्हणून गाडी सुस्थितीत. कर जास्त, म्हणून भाव पडलेला. जगाच्या बाजारात इतकी चांगली जुनी गाडी इतक्या स्वस्तात क्वचितच कुठे मिळाली असेल.

हा माल विकायला जपानने जी व्यवस्था उभारली, ती थांबून पाहण्याजोगी आहे. १९८० मध्ये आइची प्रांतात सुरू झालेली यूएसएस ही या धंद्यातली सर्वात मोठी कंपनी. टोकियोजवळच्या नोदा शहरात तिचा आठवडी लिलाव दर गुरुवारी भरतो आणि एका दिवसात दहा हजारांहून जास्त गाड्या पुकारल्या जातात. सभागृहात व्यापारी ओळीने बसलेले असतात, प्रत्येकासमोर पडदा आणि हातात बटण. एका गाडीचा निकाल काही सेकंदांत लागतो. एवढ्या वेळात गाडी बघणार कोण? म्हणून सगळा विश्वास एका कागदावर.

तो लिलावाचा तक्ता. वर गाडीचे साल, मॉडेल, किलोमीटर. कोपऱ्यात दर्जा: जवळजवळ नव्या गाडीला ५, चांगल्या गाडीला साडेचार किंवा ४, सांगाड्यापर्यंत मार बसून दुरुस्त झालेल्या गाडीला ‘आर’. आतल्या भागाला ए, बी, सी अशी वेगळी अक्षरे. खाली गाडीचा वरून पसरलेला आराखडा आणि त्यावर निरीक्षकाने हाताने केलेल्या खुणा. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे इथे डेंटिंग-पेंटिंग झाले आहे, ‘एस’ म्हणजे गंज, ‘एक्सएक्स’ म्हणजे पत्राच बदललेला. पुढे १, २, ३ हे आकडे दोष किती मोठा ते सांगतात. कराचीतला किंवा ऑकलंडमधला व्यापारी ही गाडी न पाहता केवळ या अक्षरांवर पैसे पाठवत असे. मीटर मागे फिरवला असल्याचा संशय असेल तर तोही याच कागदावर नोंदला जाई. जुन्या गाडीच्या धंद्यात विश्वास हा सर्वात महाग माल असतो, आणि जपानने तो छापील नमुन्यात बसवून दाखवला.

उजव्या बाजूचे स्टिअरिंग असलेल्या या गाड्यांना जगात गिऱ्हाईक भरपूर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने आयातीची दारे उघडली आणि तिथल्या मध्यमवर्गाच्या अंगणात जपानी जुन्या गाड्या आल्या. केनिया, श्रीलंका, पाकिस्तान, ब्रिटन, आयर्लंड. रशियाच्या पूर्व टोकाला व्लादिवोस्तोकमध्ये तर रस्ता उजवीकडचा असूनही स्टिअरिंग उजवीकडचेच. २००८ च्या डिसेंबरमध्ये रशियन सरकारने जुन्या परदेशी गाड्यांवरचे आयातशुल्क वाढवले तेव्हा त्या शहरात लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना पांगवायला दुरून पोलीस आणावे लागले. एका संपूर्ण शहराची रोजीरोटी टोकियोच्या शाकेनवर चालली होती.

वेगवान गाड्यांच्या वाट्याला मात्र यातून वेगळेच नशीब आले. अनेक गाड्या अख्ख्या गेल्याच नाहीत. गाडी मधोमध कापायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, पुढची चाके असा पुढचा अर्धा भाग तुकडा म्हणून निर्यात करायचा, त्याला ‘हाफ कट’ म्हणत. मागच्या भागाचे भंगार. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशियातल्या गॅरेजांत जीटी-आरचे आणि सुप्राचे इंजिन दुसऱ्याच साध्या गाडीत बसवले जाई. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळी अख्ख्या गाडीपेक्षा सुट्या इंजिनाला उठाव होता, आणि व्यापाऱ्याने भावनेवर धंदा करावा अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

पण भाव पडल्यामुळे एक मोठी गोष्टही घडली. विशीतल्या कारागिराच्या हाती या गाड्या आल्या. टोयोटाची एई८६ हे त्याचे सर्वात ठळक उदाहरण. १९८३ ते १९८७ या काळातली ही हलकी गाडी, १५८७ सीसीचे इंजिन, जाहीर ताकद १३० अश्वशक्ती, ढकल मागच्या चाकांवर. डोंगरातल्या वळणावळणाच्या घाटरस्त्यांवर रात्री गाडी आडवी घसरवत नेण्याचा जो खेळ तरुणांनी सुरू केला, त्याला अशीच गाडी लागत होती: कड्याला घासली, कठड्याला ठोकली तरी रडू येणार नाही इतकी स्वस्त. त्सुचिया केइइची यांच्यासारखे चालक याच घाटांतून पुढे आले. १९८१ पासून निघणाऱ्या ‘ऑप्शन’ मासिकाने आणि त्याचे संपादक इनादा दाइजिरो यांनी या हौशी कारागिरांना व्यासपीठ दिले, आणि २००१ मध्ये ड्रिफ्टिंगची डी-वन ग्रां प्री ही रीतसर स्पर्धा सुरू झाली. या खेळात निसान सिल्व्हिया आणि एई८६ किती मोडल्या याची मोजदाद नाही. जी गाडी सर्वात स्वस्त, तीच सर्वात जास्त मोडली गेली, आणि म्हणूनच पुढे तीच दुर्मीळ झाली.

शिगेनो शुइची यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रमालिका १९९५ मध्ये सुरू झाली. तिचा नायक तोफू पोचवणारा पोरगा आणि त्याची गाडी पांढरी-काळी एई८६. १९९७ च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशनवर ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ आला आणि जगभरच्या मुलांना स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ यांचे अश्वशक्तीचे आकडे पाठ झाले. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटात नारिंगी सुप्रा धावली. मुंबई-पुण्यातल्या सायबर कॅफेत आणि घरच्या संगणकावर खेळलेल्या एका पिढीने या गाड्या अशाच ओळखल्या, कारण भारतात तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही. तरुणपणी खेळात चालवलेली गाडी कमावते झाल्यावर खरी हवी, असे वाटणाऱ्यांची संख्या जगभर वाढत होती. मागणी तयार झाली होती. पुरवठा त्याच वेळी आटला.

ऑगस्ट २००२ हा या कथेतला दुःखाचा महिना. प्रदूषणाचे नवे नियम लागू होत होते, जुनी टर्बो इंजिने त्यात बसवणे परवडणारे नव्हते. त्या एका महिन्यात जीटी-आरची आर-३४ पिढी, सुप्रा, आरएक्स-७ आणि सिल्व्हिया यांचे उत्पादन थांबले. आर-३२ सुमारे ४४ हजार बनल्या होत्या; १९९९ च्या जानेवारीत ५० लाख येनांच्या आसपास किमतीला आलेल्या आर-३४ जेमतेम साडेअकरा हजार. असे आधीही एकदा घडले होते. १९७३ मध्ये तेव्हाची जीटी-आर अशाच प्रदूषण नियमांमुळे अवघ्या १९७ गाड्यांनंतर बंद पडली आणि ते नाव सोळा वर्षे झोपले.

आता अमेरिकेतला कायदा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉलर इतका महाग झाला होता, की अमेरिकन ग्राहक अधिकृत विक्रेत्याला वगळून थेट युरोपातून जर्मन गाड्या आणू लागले. विक्रेत्यांचे नुकसान होऊ लागले, सुरक्षेचा प्रश्नही खरा होता, आणि १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने आयातीवर कडक बंधने घातली. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी देशात आणायची तर ती मोठा खर्च करून बदलावी लागेल. सूट फक्त एका प्रकारच्या गाडीला: जिला बनून २५ वर्षे पूर्ण झाली. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मर्सिडीज होती. त्याची सर्वात मोठी झळ जपानी गाड्यांना बसली, आणि पुढे सर्वात मोठा लाभही त्यांनाच मिळाला. सुप्रा आणि आरएक्स-७ अमेरिकेत अधिकृतपणे विकल्या गेल्या होत्या, स्कायलाइन जीटी-आर कधीच गेली नव्हती. चोरवाटेने आलेल्या स्कायलाइन सरकारने जप्त केल्या.

कॅनडात हीच अट १५ वर्षांची. त्यामुळे तिथे आर-३२ २००४ पासून जाऊ लागली, तेव्हा जपानमध्ये ती वीस लाख येनांच्या आत मिळत होती. अमेरिकेला २०१४ ची वाट पाहावी लागली. गाडीच्या बनावटीचा महिना धरून मोजणी होते, म्हणून १९८९ च्या ऑगस्टमधली गाडी आधी, सप्टेंबरमधली महिन्याने. व्यापारी दोन-दोन वर्षे आधी गाड्या घेऊन जपानमधल्या गोदामांत ठेवू लागले. जानेवारी २०२४ मध्ये आर-३४ ची पाळी आली. पुढच्याच महिन्यात निक्केईने १९८९ चा उच्चांक मागे टाकला, पण येन मात्र डॉलरला १५० च्या घरात घसरलेला होता. परदेशी ग्राहकासाठी जपानमधला भाव आपोआप उतरला आणि जपानी तरुणासाठी तीच गाडी आवाक्याबाहेर गेली.

लिलावांतले आकडे डोळे दिपवणारे आहेत. १९६७ मध्ये २३ लाख ८० हजार येनांना मिळणारी आणि एकूण ३५१ बनलेली टोयोटा २०००जीटी २०१३ मध्ये ११ लाख ५५ हजार डॉलरला गेली. जपानी गाडीने दहा लाख डॉलरचा उंबरठा ओलांडल्याची दखल तेव्हा सगळ्यांनी घेतली. चित्रपटातली नारिंगी सुप्रा जून २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला विकली गेली. त्याच मालिकेतल्या २००९ च्या चित्रपटात अभिनेते पॉल वॉकर यांनी चालवलेली निळी आर-३४ २०२३ मध्ये लिलावात १२ लाख ३५ हजार युरोपर्यंत पोचली. चित्रपटाचा शिक्का नसलेली, अकरा हजार मैल चाललेली १९९४ ची सुप्राही २०१९ मध्ये १ लाख ७३ हजार ६०० डॉलरला गेली होती.

या आकड्यांनी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला स्वप्ने पडू नयेत. भाव चढला तो अस्सल, न बदललेल्या गाडीचा. ज्या काळात गाड्या स्वस्त होत्या, त्या काळात मालकांनी मोठे टर्बो, नवे सस्पेन्शन, दुसरे बंपर बसवले आणि मूळ भाग फेकून दिले. आज त्या फेकलेल्या भागांसाठीच ग्राहक पैसे मोजतो. आरएक्स-७ घेणारा जाणकार रंग बघण्याआधी रोटरी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासतो. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणून सहा आकडे. सहाही जवळजवळ सारखे आले तर ठीक. एक जरी घसरला तरी आतली सील झिजली, इंजिन उघडावे लागणार, आणि लाखो येनांचा खर्च वाढला. जीटी-आरच्या आर-३३ आणि आर-३४ या पिढ्यांमध्ये बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनच्या बुरुजांवरचा गंज बघतात. बाहेरून आरशासारखी चमकणारी गाडी तिथे पोखरलेली निघते.

कंपन्यांना जाग उशिरा आली. होंडाने मात्र एनएसएक्ससाठी १९९३ पासूनच कारखान्यात नूतनीकरणाची सोय ठेवली होती, तिचे मोल आज कळते. निसानने २०१७ च्या डिसेंबरमध्ये आर-३२ चे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. माझदाने आपल्या पहिल्या रोडस्टरचे पुनरुज्जीवन त्याच वर्षी जाहीर केले, टोयोटाने २०१९ मध्ये सुप्राच्या भागांची घोषणा केली. हे काम २००९ मध्ये, भंगाराच्या योजनेच्या वर्षी सुरू झाले असते तर किती गाड्या वाचल्या असत्या, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कारण तेराव्या आणि पंचविसाव्या वर्षांमधल्या त्या बारा वर्षांत या गाड्या जगवल्या कोणी? सरकार कर वाढवत होते, कंपनी भाग बनवत नव्हती, संग्राहकांचा पत्ता नव्हता. उपनगरांतल्या दोन-तीन माणसांच्या गॅरेजांनी, रात्रपाळी करून शाकेन भरणाऱ्या मालकांनी, मोडक्या गाडीचा एक सेन्सर दुसरीत बसवणाऱ्या मेकॅनिकांनी त्या जगवल्या. वाढलेल्या भावाचा वाटा त्यांच्यातल्या फार थोड्यांना मिळाला. बहुतेकांनी भाव चढण्याआधीच गाडी विकली होती. ज्यांच्या हातांनी ही किंमत टिकवली, त्यांनाच आज ती परवडत नाही, आणि हा या बाजाराचा सर्वात मोठा अन्याय आहे.

ऑगस्ट २००२ मध्ये कारखान्यातून शेवटच्या बाहेर पडलेल्या आर-३४, सुप्रा, आरएक्स-७ आणि सिल्व्हिया ऑगस्ट २०२७ मध्ये २५ वर्षांच्या होतील. त्यानंतर या चार नावांची एकही गाडी अमेरिकेच्या आयातबंदीत उरणार नाही.